वाचक विचारतात: पळून जाणारी पोरं कोल्हापुरातनं कुठं जातील?

प्रश्न : दादा, मी कॉलेजला आहे, राजारामपुरीत राहतो. एक लांब कथा लिहितोय, २०९० सालचं कोल्हापूर, १२ वर्षं झाली की सरकार पोरांना घरातनं उचलून कॅम्पात टाकतं, तर एक भाऊ-बहीण पळतात आणि आईबापांना शोधतात. मित्र म्हणतात इंग्रजी पिक्चरची कॉपी वाटत्या. काय बदलू?

उत्तर : भावा, मित्र बरोबर बोलत्यात. पहिली आठ पानं तू सरकार कसं चालतं हेच सांगत बसलायस आणि पोरं अजून गेटातच उभी. पळव की त्यांना!

आणि जुलैत पळव. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटाला गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळकरी पोराला पण पाठ असतं. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता, मग २०९० चं सरकार कितीबी हायटेक असूदे, पाण्यातनं गाड्या कशा घालणार? पण तेच पाणी केर्लीजवळ पन्हाळ्याचा रस्तापण अडवतंय, म्हणजे पोरं त्याच्या आधी पलीकडं पोचली पाहिजेत, झालं की टेन्शन तयार. पुढं पन्हाळा, मसाई पठार, पावनखिंड, विशाळगड. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज ह्याच वाटेनं निघालेले हे कोल्हापूरच्या वाचकाला सांगायचं नसतं, तू फक्त चिखल आणि धुकं दाखव आणि गप पुढं जा.

आता पोरांच्या मागावरचे सरकारी ड्रोन. तू लेझर गनबिन दिलीयस पोरांना, काढून टाक ते. त्या दिवसांत तिकडं भाताची रोपलावण चालू असते, बायका ओळीनं वाकलेल्या, आणि पाठीवर इरलं, म्हणजे पावसासाठीचं बांबू-पाल्याचं आच्छादन, घेतलं की वरनं नुसता पाला दिसतोय, खाली कोण आहे आणि किती जण आहेत काय कळत नाही. (आता प्लास्टिकचे कागद आलेत, पण २०९० ला प्लास्टिकवर बंदी दाखव की, तुझंच सरकार आहे!) एखादी म्हातारी पोरीच्या हातात रोपांची मूठ देईल, "वाक गं, सरळ लाव" एवढंच म्हणेल. नाव विचारणार नाही.

फॅमिलीचं पण तिथंच जमतंय बघ. पैरा माहिताय ना, आज आम्ही तुमच्या रानात, उद्या तुम्ही आमच्या? पोरांनी एक दिवस लावण केली म्हणजे त्या घरावर त्यांचा पैरा चढला, आता म्हातारी त्यांना सहजासहजी हाकलू शकत नाही आणि पोरांनापण परतफेड घेतल्याशिवाय जाववत नाही. दुसऱ्या घरी तिच्याबरोबर जावं लागतंय, तिथं कोणतरी विचारतंय ही कुणाची पोरं, आणि म्हातारी म्हणते माझी. आईबाप शेवटच्या पानावर भेटवूच नको, लई गोड होतंय ते.

आणि हिरोईनचं नाव झायरा-एक्स-नाईन ठेवलंयस ते आधी बदल, म्हातारीला हाक मारता आली पाहिजे.