ट्यूबचं झाकण चिकटतंय, काय करू?

प्रश्न : माझ्याकडे ऑइल, ॲक्रिलिक, वॉटरकलर तिन्हीच्या ट्यूबा आहेत. काम झालं की बंद करून ठेवते पण पुढच्या वेळी निम्म्या उघडतच नाहीत, जोर लावला तर ट्यूबच पिळवटते. काही झाकणं पूर्ण बसत नाहीत मग तोंडाशी रंग कडक होतो. मैत्रीण म्हणते आट्यांना व्हॅसलिन लाव. लावू का?

उत्तर : व्हॅसलिनचं नंतर बघू, आधी आट्यांवरचा रंग पुसायची सवय लावा. झाकण चिकटतं ते आट्यांमध्ये अडकलेल्या रंगाने, आणि पूर्ण बसत नाही तेही त्यानेच, कारण आत वाळलेल्या रंगाची चकती तयार झालेली असते आणि आपण वरून आवळत बसतो. बंद करताना ट्यूब तोंड वर करून धरा, खांद्यापाशी हलकेच दाबा, आतली हवा बाहेर जाऊन रंग काठापर्यंत आला की फडक्याने तोंड आणि आटे पुसा, झाकणाच्या आतूनही टूथपिक फिरवा आणि मग लावा. दहा सेकंदांचं काम आहे, पण रंगाच्या नादात नेमकं तेच राहून जातं.

आता आधीच चिकटलेल्यांचं. इथे रंग कुठला आहे ते महत्त्वाचं, सरसकट एकच उपाय चालत नाही. वॉटरकलर गम अरेबिक म्हणजे डिंकातला असतो, वाळला तरी पाण्यात परत सुटतो, म्हणून तोंड थोडा वेळ कोमट पाण्यात बुडवून ठेवलं की बहुतेक वेळा काम होतं. ॲक्रिलिकमधलं पाणी उडालं की प्लास्टिकसारखा पापुद्रा बनतो आणि तो काही परत पाण्यात विरघळत नाही, पण गरम पाण्याने मऊ पडतो, आणि झाकण एकदा निघालं की नखाने किंवा सुईने सालीसारखा सोलून काढता येतो. फारच हट्टी असेल तर झाकण काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडा वेळ ठेवा. ऑइल सगळ्यात वाईट, कारण ते पाणी उडून वाळतच नाही खरं तर, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, मग टर्पेंटाइन कितीही चोळा, जुना थर हलत नाही. तिथे फक्त झाकणाचा भाग गरम पाण्यात धरा, धातूच्या मानापेक्षा प्लास्टिकचं झाकण जास्त फुगतं आणि सुटतं. लायटर लावणारे बघितलेत मी, टर्पेंटाइनची बाटली शेजारी ठेवून! असलं काही करू नका. दातांनीही नाही, कॅडमियमसारख्या विषारी धातूंचे रंग असतात.

पक्कड वापरायची तर फक्त झाकणावर आणि दुसऱ्या हाताने ट्यूबचा खांदा धरायचा, पोट धरून पिळलंत की मान तिथेच फाटते.

व्हॅसलिन? ऑइलच्या ट्यूबला बाहेरच्या आट्यांवर अगदी पुसट बोट फिरवलं तर चालतं, पण ते कधीच वाळत नाही, रंगात गेलं तर तेवढा भाग ओलाच राहतो. ॲक्रिलिक आणि वॉटरकलरला अजिबात नको, तेलकटपणा रंगात उतरला की रंग कागदाला धरत नाही. त्यापेक्षा नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर एक फेरा गुंडाळा, मला तरी हाच उपाय बरा वाटतो.

बाकी ट्यूब बनवणाऱ्यालाही हेच डोकं लढवावं लागलं असणार म्हणा. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये दाबून चपटी होणारी टिनची ट्यूब पेटंट केली, त्याआधी ऑइल रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत आणि टोचून काढत, मग ते भोक बुजवायचं कसं हीच कटकट.

प्रश्न : झाकणच हरवलंय, ट्यूब फेकून द्यायची का?

उत्तर : छे. रिकाम्या ट्यूबांची झाकणं जपून ठेवत जा, एकाच कंपनीच्या एकाच मापाच्या ट्यूबांना बहुतेक वेळा बसतात. तोवर तोंडावर क्लिंग फिल्मचे दोन थर लावून रबर बँड घट्ट बांधा, वर झिप पिशवीत घाला आणि लवकर वापरून टाका. झाकण निघतच नसेल तर धातूच्या ट्यूबची मागची घडी उलगडून तिथून रंग काढता येतो, काढल्यावर ती परत दोन-तीनदा दुमडून पक्कडने दाबून टाका. प्लास्टिक ट्यूब मात्र दाब सोडला की परत फुगते आणि हवा आत ओढते, तिला मागून कापलीत तर उरलेला रंग सरळ घट्ट झाकणाच्या छोट्या डबीतच काढा.