बातम्या वाच, बघू नकोस

पत्राखाली 'थकलेली सून' अशी सही आहे, म्हणून सरळ अगं-तुगं करते. माझी सूनही तुझ्याच वयाची असेल.

तू लिहितेस, "बाबांना दहाला गोळी देते. दोनला त्यांची कूस बदलायची असते, म्हणून झोपतच नाही. फोन घेऊन बसते. तिकडे भारतात सकाळ झालेली असते, बातम्या सुरू असतात. अपघात, खून, युद्ध. काकू, जगात चांगलं काही उरलंय का हो?"

उरलंय गं. पण दहा ते दोन फोनमध्ये डोकं घालून बसल्यावर ते दिसणार कसं?

या विषयावर मी बोलायला लागले की घरचे उठून जातात, तुला मात्र ऐकावं लागेल. २०१३ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. पुढच्या आठवड्यात जी माणसं रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्याच बातम्यांत बुडाली होती, त्यांच्या मनावरचा ताण प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त निघाला. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा तास कुठे बघते, म्हणशील. दहा ते दोन किती झाले, मोज.

आणि चांगल्याची बातमी होत नाही, कारण ते हळूहळू होतं. १९९० साली जगात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी ९३ मुलं पाच वर्षांची व्हायच्या आतच जायची. २०२२ मध्ये हा आकडा ३७ वर आला. ही 'ब्रेकिंग न्यूज' कुठल्या दिवशी द्यायची, सांग?

माझ्या सासूबाईंची उजवी बाजू अर्धांगाने गेली होती. एका रात्री चादर बदलत होते आणि एका कानात कुठल्याशा दंगलीची बातमी. त्यांना कुशीवर वळवलं, जुनी चादर गुंडाळून पाठीखाली सारली, पण नवीचं टोक काही सापडेना. चिडून वाकले तर ते सासूबाईंच्या डाव्या मुठीत. मला शोधावं लागू नये म्हणून घट्ट धरून ठेवलेलं! कधीपासून धरत होत्या, कोण जाणे. बोलता येत नव्हतं त्यांना. कानातलं काढून जे ड्रॉवरमध्ये टाकलं, ते पुन्हा घातलं नाही.

तेव्हा दिवसातून एकदा, उजेडी, दहा मिनिटं बातम्या वाच. व्हिडिओ नको. रात्री फोन दुसऱ्या खोलीत, गजराला साधं घड्याळ घे. चार दिवस हात शिवशिवतील, माझेही शिवशिवले. आणि बाबांच्या हातांकडे बघत जा.

बाकीचं थोडक्यात. दीर फोन करत नाहीत. नाही तर नाही, त्यांच्यावर पत्राची दीड पानं खर्च करू नकोस. मुलं आजोबांशी इंग्रजीत बोलतात म्हणून टोकू नकोस, त्यांच्या खोलीत जाऊन बसतात ना? रुग्णाला काही दिवस सांभाळून घरच्यांना विसावा देणारी 'रेस्पाइट केअर' पुष्कळ देशांत असते, डॉक्टरांना विचार. विचारायला लाजतो आपण, मीही दोन वर्षं लाजले.

आणि हो, तुझ्या चार पानी पत्रात नवरा एकदाच येतो, तोही घोरताना. ते दोनच्या गजराचं घड्याळ आज त्याच्या उशाशी ठेव.