जुन्या अँबॅसेडरच्या मागच्या एक्सलचा रेशो हौसिंग न उघडता कसा काढायचा?

म्हापशाहून पत्रादेवीकडे जाताना तुमच्या जुन्या अँबॅसेडरचं इंजिन साठच्या वेगातच ओरडायला लागतं. मिस्त्री म्हणतो, क्राउन-पिनियन बदलू या, म्हणजे एक्सलच्या आतली मोठ्या क्राउनची आणि लहान पिनियनची दातेरी जोडी. तिच्या दातांवरूनच रेशो ठरतो, म्हणजे मागच्या चाकांच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या होतात तो आकडा. पण आत्ता आत कुठली जोडी बसली आहे हेच कुणाला माहीत नाही, आणि हौसिंग, म्हणजे एक्सलचं आवरण, उघडल्याशिवाय ते कळेल का, असं तुम्ही विचारलंय. कळतं. जॅक, स्टँड, खडू आणि सोबतीला एक माणूस असला की अर्ध्या तासाचं काम आहे. माझ्या अँबॅसेडरखाली झोपून मी हे केलंय.

आरसी बुकात किंवा कुणाच्या आठवणीत हा आकडा शोधू नका. इतक्या वर्षांत अख्खा एक्सल दुसऱ्या गाडीचा बसलेला असू शकतो आणि बाहेरून दोन्ही एक्सल सारखेच दिसतात. मोजलेलं तेवढंच खरं.

गाडी सपाट जागेवर घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे घट्ट लावा, कारण यानंतर गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला असणार आहे. गाडीला धरून ठेवणारं दुसरं काहीच उरत नाही. मग मागचं फक्त एक चाक उचला आणि त्या बाजूच्या एक्सलच्या नळीखाली स्टँड द्या. आपल्याकडे हाताशी चिरे असतात आणि लोक सर्रास तेच गाडीखाली सारतात. कृपा करून असं करू नका. चिरा भिंतीत मजबूत, पण एका बिंदूवर भार आला की तो कधी फुटेल ते सांगता येत नाही, आणि खाली तुमचा माणूस असतो.

आता टायरवर आणि समोरच्या मडगार्डवर खडूची एकेक खूण करा. प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्यावर, एक खूण आणि तिच्यासमोर बॉडीवर दुसरी. तुम्ही चाक हाताने सावकाश फिरवा, खालचा माणूस शाफ्टच्या फेऱ्या मोजेल.

चाकाच्या २० फेऱ्या करा. शाफ्टच्या जितक्या फेऱ्या होतील त्यांना १० ने भागा. तो तुमचा रेशो.

२० फेऱ्या आणि भागायचं १० ने, हे कसं? इथेच बहुतेकांचं चुकतं, पहिल्या वेळी माझंही चुकलं होतं. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी. डिफरेन्शिअल त्यासाठीच असतं. क्राउन मात्र या दोन चाकांच्या सरासरीने फिरतो. एक चाक जमिनीवर स्थिर, म्हणजे त्याच्या फेऱ्या शून्य. वरच्या चाकाच्या दोन झाल्या तर सरासरी एक. म्हणून चाकाच्या दोन फेऱ्यांत क्राउनची एकच फेरी होते. हे विसरलात तर उत्तर सव्वादोनच्या आसपास येईल, आणि तेवढ्यावरूनच ओळखा की दुप्पट करायचं राहिलं. मी त्या वेळी दोन्ही चाकं उचलली होती. एक फिरवलं की दुसरं उलट फिरायचं, शाफ्ट कधी हलायचा, कधी नाही. त्या मोजणीला काही अर्थ नव्हता.

दोनच फेऱ्यांवर भागवू नका. ४.३ आणि ४.५५ यांतला फरक तिथे जेमतेम पाव फेरीचा असतो आणि खडूच्या जाड रेघेत तो हरवतो. वीस फेऱ्यांत तोच फरक अडीच फेऱ्यांचा होतो. अँबॅसेडरचं जुनं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीज घराण्यातलं, त्यामुळे त्या घराण्यात ज्या जोड्या निघाल्या त्या तुमच्या उपयोगाच्या. शाफ्टच्या फेऱ्या ३९ च्या किंचित पुढे गेल्या तर पिनियनचे दात ११ आणि क्राउनचे ४३, रेशो सुमारे ३.९. ४१ आल्या तर १० आणि ४१, म्हणजे ४.१. ४३ आल्या तर १० आणि ४३, म्हणजे ४.३. साडेपंचेचाळीसच्या किंचित पुढे गेलं तर ९ आणि ४१, म्हणजे ४.५५. पावणेएकोणपन्नास आलं तर ८ आणि ३९, म्हणजे ४.८७५. सव्वाएक्कावन्नला ८ आणि ४१, म्हणजे ५.१२५. उरलेली पाव-अर्धी फेरी नीट बघून लिहा. जोडी ओळखायची ती तिच्यावरूनच. दोनदा मोजा, दुसऱ्यांदा माणसं बदलून.

आकडा मिळाला की क्राउन-पिनियनच्या आधी टायर तपासा. टायरच्या तळाला खडू लावा, गाडी सरळ ढकला आणि चाकाची एक पूर्ण फेरी टेपने मोजा. समजा ती बरोबर २ मीटर भरली. ६० च्या वेगात गाडी मिनिटाला १००० मीटर जाते, म्हणजे चाकाच्या ५०० फेऱ्या. चार गिअरच्या गाडीत टॉप गिअर थेट असतो, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात, त्यामुळे ४.५५ वर इंजिन सुमारे २२७५ फेऱ्या घेतं, ४.८७५ वर सुमारे २४४०, तर ३.९ वर सुमारे १९५०. लहान टायर बसवले असतील तर हे सगळे आकडे वर सरकतात, आणि मग दोष एक्सलचा नसतो.

माझं मत विचाराल तर, चार माणसं घेऊन चोर्ला किंवा अनमोड घाट चढायचा असेल तर ४.५५ सोडू नका. ३.९ हायवेवर शांत वाटतो, पण घाटात प्रत्येक वळणावर खालचा गिअर मागतो. बदलायचंच ठरलं तर क्राउन आणि पिनियन एकमेकांशी जुळवलेली जोडीच घ्या. एक इथून, एक तिथून आणलं तर रडणारा आवाज कायमचा मागे लागतो. आणि मीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते हे ध्यानात ठेवा. ४.५५ च्या जागी ३.९ बसवला की मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी खरी ७० वर असेल.