वाचकांचे प्रश्न : घसरलेला क्वार्टरबॅक पुन्हा उभा राहतो का?

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. नातू न्यूयॉर्क जेट्सचा चाहता असल्याने त्याच्याबरोबर सामने पाहता पाहता मलाही अमेरिकन फुटबॉलची गोडी लागली. मोठ्या आशेने घेतलेले तरुण क्वार्टरबॅक, म्हणजे पास देऊन आक्रमण चालवणारे खेळाडू, हा संघ काही वर्षांतच सोडून देतो. अशा खेळाडूची कारकीर्द पुन्हा उभी राहू शकते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : राहू शकते, आणि याची दोन ठळक उदाहरणे जेट्सनेच सोडलेल्या खेळाडूंची आहेत, हे आपल्या नातवाला कदाचित आवडणार नाही.

सॅम डार्नोल्डला जेट्सने 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिसऱ्या क्रमांकावर निवडले. ऑक्टोबर 2019 मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध संघ 33-0 असा हरला, डार्नोल्डचे चार पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले, आणि ‘मला भुते दिसताहेत’ हे त्याचे उद्गार मायक्रोफोनमुळे देशभर ऐकले गेले. क्वार्टरबॅकला निर्णयासाठी जेमतेम तीन सेकंद मिळतात. त्याचे रक्षण करणारी पुढची फळी कमकुवत असेल, तर त्याची नजर पास झेलणाऱ्या सहकाऱ्यांवरून अंगावर धावून येणाऱ्यांकडे वळते, पाय घाई करू लागतात आणि ही सवय पुढे सुरक्षित क्षणीही सुटत नाही. त्यातच प्रशिक्षक बदलला की डावपेचांची सगळी परिभाषा नव्याने शिकावी लागते. म्हणूनच तरुण खेळाडूच्या अपयशाचा मोठा वाटा त्याला हाताळणाऱ्या संघाच्या पदरात टाकावा, असे माझे ठाम मत आहे.

पुढे कॅरोलायनाच्या संघातही डार्नोल्डचे बस्तान बसले नाही. 2023 मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोत राखीव म्हणून बसला, आणि माझ्या मते तेच वर्ष निर्णायक ठरले, कारण दर आठवड्याच्या निकालाचे ओझे नसताना त्याला एका सुघटित संघाचा आक्रमक खेळ जवळून पाहता आला. पुढच्या वर्षी मिनेसोटात त्याने 35 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) दिले आणि संघाने 14 सामने जिंकले. शेवटचे दोन सामने वाईट गेल्यावर तो संघही सुटला. मात्र सिएटल सीहॉक्सने त्याला घेतले आणि फेब्रुवारी 2026 मध्ये त्यांनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, तोही पेट्रियट्सना हरवून.

जीनो स्मिथची वाट याहून लांबची होती. 2015 मध्ये सहकाऱ्याच्या ठोशाने जबडा मोडल्यावर त्याची जेट्समधली जागा गेली, आणि त्यानंतरचे सात हंगाम त्याने बहुतांशी राखीव बाकावर काढले. 2022 मध्ये सिएटलने संधी दिली तेव्हा त्याने जवळजवळ 70 टक्के पास अचूक दिले आणि पुनरागमनाचा वार्षिक पुरस्कार मिळवला.

अर्थात प्रत्येकालाच हे साधत नाही. 2007 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला क्वार्टरबॅक जमार्कस रसेल याच्या हातात विलक्षण ताकद होती, तरी तीन हंगामांनंतर तो या लीगमध्ये पुन्हा खेळला नाही. संघ बदलल्याने गमावलेला आत्मविश्वास परत येऊ शकतो, पण सरावाची शिस्त मुळातच नसेल तर ती नव्या जर्सीबरोबर मिळत नाही.

पुढचा सामना पाहताना काही वेळ चेंडूऐवजी क्वार्टरबॅकच्या पायांकडे लक्ष द्या. प्रतिस्पर्धी जवळ आल्यावरही तो मागे न पळता एक पाऊल पुढे टाकून पास देत असेल, तर त्याच्याविषयी आशा बाळगायला हरकत नाही, असे नातवाला खुशाल सांगा.