लिनक्सचा सोर्स कोड खुला आहे, मग नव्या बोर्डावर तो चालवायला महिनोन्महिने का लागतात?

तुम्ही विचारलंय की कंपायलर बदलून कर्नल (लिनक्सचा गाभा) पुन्हा कंपाइल केला की झालं ना, मग एवढा वेळ कशात जातो. आणि फायनल इयरच्या प्रोजेक्टला रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर रचनेच्या बोर्डावर लिनक्स पोर्ट करणं, म्हणजे तिथे चालेल असं करणं, जमेल का. मी हिंजवडीत हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपाइल होणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सचा कर्नल १९७३ साली, वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी कंपाइल करता येणाऱ्या सी भाषेत नव्यानं लिहिला गेला, तिथेच तो प्रश्न बराचसा सुटला. रिस्क-फाइव्हचं म्हणाल तर जानेवारी २०१८ च्या ४.१५ आवृत्तीपासून मूळ कर्नलमध्येच त्याची सोय आहे. पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचे तक्ते), इंटरप्ट (उपकरणांनी प्रोसेसरला दिलेले इशारे) हाताळणं, हे सगळं इतरांनी करून ठेवलंय. तुमच्या वाट्याला येतो तो बोर्ड.

लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावला की लिनक्स चालतं, कारण तिथे फर्मवेअर (मशीनमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर) मशीनची माहिती एसीपीआयच्या तक्त्यांतून देतं आणि पीसीआय, यूएसबीवरची उपकरणं स्वतःची ओळख स्वतःच सांगतात. छोट्या बोर्डावर असं सांगणारं बहुधा कुणी नसतं. यूएआरटी (सिरियल पोर्ट) कोणत्या पत्त्यावर आहे, त्याला क्लॉक कुठून मिळतं, इंटरप्ट कितवा, हे डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलीत लिहून द्यावं लागतं. त्यात एक आकडा चुकला तर एरर येईलच असं नाही, बऱ्याचदा बोर्ड नुसता गप्प राहतो. त्याच्याही आधी रॅमचा प्रश्न असतो. डीडीआर रॅमचं टायमिंग जुळेपर्यंत बूटलोडरला (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला) चिपमधल्या थोड्याशा एसरॅम मेमरीवरच भागवावं लागतं.

पण बोर्ड गप्प बसला तर निदान बिघाड आहे हे तरी कळतं. खरा घाम फुटतो तो सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असताना. आर्म प्रोसेसरच्या एका बोर्डावर आमचं लिनक्स छान बूट होत होतं, लॉगिनही होत होतं. फक्त एसडी कार्डावरून मोठी फाइल वाचली की दर वेळी चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) वेगळा यायचा. आधी कार्ड बदलून पाहिलं, मग क्लॉक कमी केला, फरक शून्य. शेवटी मूळ फाइल आणि वाचलेली फाइल हेक्समध्ये शेजारी-शेजारी लावून पाहिल्या. चुकलेले बाइट विखुरलेले नव्हते. बरोब्बर ६४-६४ चे तुकडे होते आणि प्रत्येक तुकडा ६४ च्या पटीतल्या पत्त्यावर सुरू होत होता. त्या प्रोसेसरची कॅशे लाइन (जवळच्या वेगवान मेमरीत, म्हणजे कॅशेत, एका वेळी ठेवला जाणारा तुकडा) ६४ बाइटची! कार्डाचा कंट्रोलर डीएमएनं, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट रॅममध्ये नवा डेटा टाकत होता आणि प्रोसेसर कॅशेमधली जुनी प्रत वाचत होता. चिपसोबत आलेल्या डिव्हाइस ट्रीमध्ये त्या कंट्रोलरला ‘डीएमए-कोहेरंट’ (कॅशेशी आपोआप जुळतं ठेवणारा) म्हटलं होतं, प्रत्यक्षात तो तसा नव्हता. कर्नलनं त्या ओळीवर विश्वास ठेवून कॅशे साफ करणंच सोडून दिलं होतं. ती एक ओळ काढली आणि चेकसम जुळला.

तुम्हाला हे मुद्दाम सांगतोय, कारण रिस्क-फाइव्हवर उलटं आहे. तिथे लिनक्स उपकरण कोहेरंटच आहे असं धरून चालतं आणि नसेल तर ‘डीएमए-नॉनकोहेरंट’ लिहावं लागतं.

आता प्रोजेक्टचं. शून्यापासून पोर्ट करणार असं सिनॉप्सिसमध्ये अजिबात लिहू नका, वर्ष त्यातच जाईल. आधी क्यूईएमयू या एम्युलेटरच्या (सॉफ्टवेअरनं नकली मशीन बनवणाऱ्या प्रोग्रामच्या) ‘व्हर्ट’ मशीनवर स्वतः बांधलेला कर्नल बूट करा, म्हणजे टूलचेन (कंपायलर वगैरे साधनं), कर्नल आणि रूट फाइल सिस्टिम ठीक आहेत याची खात्री होईल. बोर्डाचे संदेश वाचायला यूएसबी-सिरियल केबल पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळेल, पण ३.३ व्होल्टचीच मागा. ५ व्होल्टची लावली तर पिन जळू शकते. कर्नलच्या कमांड लाइनमध्ये ‘अर्लीकॉन’ पहिल्या दिवसापासून ठेवा, खरा सिरियल ड्रायव्हर सुरू व्हायच्या आधीचे संदेश त्याच्यामुळेच दिसतात. मग बोर्डावरचं एखादंच उपकरण घ्या, सेन्सर किंवा डिस्प्ले, आणि त्याचा ड्रायव्हर व डिव्हाइस ट्रीची नोंद नीट लिहा. एवढं एका वर्षात होतं आणि शिकायलाही भरपूर मिळतं.

बोर्ड विकत घेण्याआधी मूळ कर्नलच्या सोर्समध्ये रिस्क-फाइव्हच्या डिव्हाइस ट्रींचा फोल्डर उघडून पाहा. तिथे तुमच्या चिपचं नाव नसेल तर दुसरा बोर्ड शोधा.