खासदाराने संसदेत मच्छीमार आणि स्थानिक कामगारांचा प्रश्न मांडल्याने खरंच काही होतं का?

होतं. पण खासदाराने नेमकं काय केलं त्यावर आहे. तुम्ही लिहिलंय की तुमचे खासदार शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे मुद्दे मांडायच्या वेळेत, दोन मिनिटं बोलले, तो व्हिडिओ गावभर फिरला आणि नाक्यावर अभिनंदनाचा बॅनर लागला. त्याने काही होणार नाही. शून्य प्रहरात मांडलेल्या मुद्द्याला उत्तर द्यायचं बंधन मंत्र्यावर नसतं. नोटीस देऊन टाकलेला प्रश्न स्वीकारला जाऊन यादीत लागला, तर त्याला उत्तर द्यावंच लागतं. हा फरक आमच्या आईला माहीत नव्हता, मलाही नव्हता. तो कसा कळला ते सांगतो.

आम्ही डहाणू तालुक्यातले. आमच्याकडची कितीतरी माणसं पावसाळी बंदी उठली की पोरबंदर, ओखा, वेरावळला बोटीवर खलाशी म्हणून जातात. मालकाकडून उचल घ्यायची आणि मे महिन्यापर्यंत ती अंगमेहनतीने फेडायची. बाबा वीस वर्षं हेच करत होते. एका डिसेंबरात त्यांची बोट पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने धरली. दोन्ही देशांच्या हद्दीवरच्या सर क्रीक खाडीच्या तोंडाशी पाण्यावर काही रेघ आखलेली नाही, जाळं टाकलेलं असताना प्रवाह बोट कुठे नेईल ते बोट चालवणाऱ्या तांडेलालाही सांगता येत नाही. आम्हाला चौथ्या दिवशी कळलं, तेही शेजारच्या आळीतल्या दुसऱ्या खलाशाच्या फोनवरून. मालकाचा फोन बंद होता. बाबा कराचीच्या मलीर तुरुंगात होते.

आई अर्ज घेऊन एका सरकारी कार्यालयात गेली. मी सोबत होतो, दहावीत. टेबलामागच्या माणसाने अर्ज न वाचताच परत केला. "बोट गुजरातची ना? मग गुजरातला विचारा." तिकडे विचारलं तर म्हणाले, खलाशी महाराष्ट्राचा आहे. त्याच बोटीवरच्या गुजराती खलाशांच्या घरी तिथल्या सरकारची मदत सुरू झाली होती. आमच्या घरी उचल फेडून घ्यायला मालकाचा माणूस आला.

काकांचं म्हणणं होतं, दिल्लीत बोलून कुणाचा तुरुंग उघडतो का, मालकाच्या दारात जाऊन बसू. बसलो, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आई उठली आणि माझ्या शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींना घेऊन खासदारांच्या कार्यालयात गेली. गुरुजींनी तिथे जे सांगितलं ते मला शब्दशः आठवतंय. "साहेब, भाषण नको. प्रश्न टाका." तिथेच बसून त्यांनी तीन ओळी लिहून दिल्या: महाराष्ट्रातले किती मच्छीमार पाकिस्तानच्या ताब्यात आहेत, त्यातल्या किती जणांच्या राष्ट्रीयत्वाची पडताळणी पूर्ण झाली, आणि शिक्षा संपूनही किती जण आत आहेत.

लोकसभेत दिवसाला 230 अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचे, प्रश्न घेतले जातात, नोटीस पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि क्रम सोडतीने ठरतो. पहिल्या अधिवेशनात आमचा प्रश्न लागला नाही. काका म्हणाले, बघ. पुढच्या अधिवेशनात लागला. उत्तर दीड पानाचं होतं. गुरुजी हिंदी प्रत वाचत होते आणि आई तक्त्यातल्या 'महाराष्ट्र' या शब्दावर बोट ठेवून होती. गुरुजींचं वाचून संपेपर्यंत तिने ते बोट उचललं नाही.

तो कागद घेऊन ती पुन्हा त्याच टेबलाशी गेली. या वेळी फाइल शोधली गेली. बाबांच्या नावापुढे पत्ता मालकाचा लागला होता, म्हणून पडताळणीचं पत्र भलत्याच पोलीस ठाण्यात पडून होतं. पंधरा दिवसांत आमच्या ठाण्याचे हवालदार घरी आले, रेशनकार्ड, फोटो, सरपंचांचा दाखला घेऊन गेले. दोन्ही देशांत 2008 चा करार आहे. त्यानुसार दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना दिल्या जातात, आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्व सिद्ध झालं की महिनाभरात सोडायचं असतं. पण सिद्ध कोण करणार? पत्ता चुकलेला असेल तर माणूस यादीत नुसता पडून राहतो.

आता तुमच्या गावचं. डहाणूजवळ होणारं वाढवण बंदर 76,220 कोटींचं आहे, त्यात भूमिपुत्रांना नोकऱ्या द्या हे कुठल्याही पक्षाचा खासदार बोलेल, त्यात त्याचं काही जात नाही. त्याला विचारायला लावा की आतापर्यंत किती स्थानिक लागले, कुठल्या कामावर, कायम की ठेक्यावर, आणि किती मच्छीमार कुटुंबं बाधित धरली. आकडा लेखी आला की तो खोटा असला तरी तुमच्या हातात असतो, आणि मुद्दाम खोटा दिला असेल तर खासदाराला तो हक्कभंगापर्यंत, म्हणजे सभागृहाची दिशाभूल केल्याच्या तक्रारीपर्यंत, नेता येतो. मंत्री "माहिती गोळा करत आहोत" म्हणाला तर ते आश्वासन धरलं जातं, आणि ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. त्यासाठी संसदेची वेगळी समिती आहे. पाठपुरावा मात्र तुम्हालाच करावा लागेल.

एक राहिलं. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. पर्ससीनवर, म्हणजे माशांचे थवे वेढून धरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, 2016 मध्ये निर्बंध आणले ते राज्याने. त्या भांडणासाठी आमदाराला धरा, खासदाराला दिल्लीत ओरडायला लावून उपयोग नाही.

आणि प्रश्नामुळेच बाबा सुटले असंही मी म्हणत नाही. दोन देशांचं बरं चाललेलं असेल तेव्हाच शंभर-दोनशे जण एकदम सोडतात, ते आपल्या हातात नसतं. काका आजही सणाला भेटले की हेच सांगतात, यादी निघालीच होती, सुटलेच असते. मी त्यांना एवढंच विचारतो की बाबांच्या आधी धरलेला आमच्याच आळीतला एक खलाशी, ज्याच्या घरून कुणी कुठेच गेलं नाही, तो बाबांच्या नंतर चौदा महिन्यांनी का आला. बाबा वाघा सीमेवरून आले तेव्हा त्यांच्याकडे तुरुंगात ओवलेली मण्यांची एक पर्स होती. त्या दीड पानाची झेरॉक्स आईने घडी करून तिच्यात ठेवली आहे.