अश्वशक्तीचे आकडे वाचताना

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या माहितीपत्रकांतील अश्वशक्तीचे आकडे पाहून तुमचा गोंधळ उडाला असेल, तर प्रथम गाडीचे वर्ष पाहावे. 1971 पर्यंत प्रचलित असलेला ‘ग्रॉस’ आकडा एअर क्लीनर, सायलेन्सर आणि अल्टरनेटरचा भार काढून, चाचणीच्या मंचावर चालवलेल्या इंजिनाचा असे. 1972 पासून मात्र ही सर्व जोडणी लावून मोजलेला ‘नेट’ आकडा रूढ झाला. त्यामुळे कॉर्व्हेट या जनरल मोटर्सच्या स्पोर्ट्स गाडीच्या 454 घन इंचांच्या एलएस5 इंजिनाची 1971 ची 365 अश्वशक्ती 1972 मध्ये 270 दिसते, म्हणून इंजिन तेवढे दुबळे झाले असे समजू नये.

एकाच वर्षातील तफावतीचे कारण वेगळे आहे. 1967 मध्ये जनरल मोटर्सच्याच पॉन्टियाक या ब्रँडचे 400 घन इंचांचे इंजिन त्याच्या जीटीओ गाडीत 360, तर फायरबर्ड गाडीत 325 अश्वशक्तीचे ठरवले गेले, कारण कॉर्व्हेट वगळता इतर गाड्यांत दर अश्वशक्तीमागे किमान दहा पौंड वजन असावे, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक होता आणि फायरबर्ड हलकी होती. त्यासाठी कार्ब्युरेटरच्या (हवा व इंधन मिसळणाऱ्या भागाच्या) जोडणीवर बसवलेली एक छोटी पट्टी थ्रॉटल, म्हणजे हे मिश्रण आत सोडणारी झडप, पूर्ण उघडू देत नसे. (ती वाकवून टाकणारे हौशी तेव्हाही होतेच!) म्हणून निव्वळ आकड्यावरून गाडीची किंमत ठरवू नका, इंजिनावरील सांकेतिक क्रमांक आधी तपासा.